तणसाचे दान आणि जीवदयेचा विवेक

पर्युषण आले की घरोघरी जीवदयेचा निधी वेगळा काढला जातो. त्यातील बराचसा भाग गोशाळा व पांजरपोळांच्या चाऱ्यासाठी जातो. गोंदिया हा धानाचा जिल्हा असल्याने येथील चारा म्हणजे मुख्यतः तणस. परंतु दिलेले तणस कोरडे आहे की बुरशीचे, हा प्रश्न दाता सहसा विचारीत नाही. जनावराचे हित मात्र त्याच प्रश्नाशी बांधलेले असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की शेतातील कडपा भिजतात. ते ओले तणस रचले तर ढिगाच्या पोटात ऊब धरते आणि काळी, पांढरी किंवा गुलाबी बुरशी चढते. असे तणस खाल्ल्याने होणारा ‘देगनाला’ नावाचा रोग पशुवैद्यकांना परिचित आहे. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील देग नाल्याच्या परिसरावरून त्याला हे नाव पडले. फ्युजॅरियम जातीच्या बुरशीचे विष रक्तवाहिन्या आकुंचित करते. मग पाय सुजतात, शेपटीचा गोंडा व कानांची टोके सडतात, प्रसंगी खूरही गळून पडतो. गायींपेक्षा म्हशींना हा रोग अधिक बाधतो.

यावर रसायनाचा उपाय आहे. अमेरिकेत फेस्क्यू गवतातील बुरशीचे विष अमोनियाच्या प्रक्रियेने कमी होते, असे दिसून आले. आपल्याकडे तेच काम युरिया करतो. 100 किलो कोरड्या तणसावर सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळविलेला 4 किलो युरिया थराथराने शिंपडावा, थर दाबावेत आणि प्लास्टिकने हवाबंद करून 21 दिवस ठेवावे. युरियापासून अमोनिया निघतो, तो बुरशीची वाढ रोखतो व तणस पचण्यास सुलभ करतो. प्रथिनांचे प्रमाणही वाढते. खाऊ घालण्यापूर्वी वास उडेपर्यंत तणस मोकळे पसरावे. सहा महिन्यांखालील वासरांना ते देऊ नये आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कदापि लागू देऊ नये.

तथापि या उपायाची मर्यादा ओळखली पाहिजे. अमोनियाने काही विषे क्षीण होतात, सर्व नव्हेत. काळे पडलेले, कुजट वासाचे तणस प्रक्रियेनेही निर्धोक होत नाही. ते टाकून देणेच हितावह.

आपल्या दृष्टीने आणखी एक विचार आहे. बुरशी म्हणजे अनंतकाय जीव. ती उत्पन्न होऊ देऊन मग रसायनाने नष्ट करण्यापेक्षा ती उत्पन्नच होऊ न देणे, ही खरी यतना. पावसाळ्यापूर्वी पापड-लोणच्यांची जी काळजी आपल्या घरातील स्त्रिया घेतात, तीच तणसाचीही घेता येते. तणस उन्हात कडकडीत वाळवावे, जमिनीपासून उंच लाकडी माच्यावर रचावे, वर ताडपत्री घालावी आणि हवेला वाट ठेवावी.

गोदामात ओल शिरली तर माल जातो, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. म्हणून यंदा तणसाबरोबर एक ताडपत्री व माच्याचे लाकूडही दान द्यावे, आणि धनादेश लिहिण्यापूर्वी स्वतः जाऊन तणसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहावे. आत ऊब वा ओल लागली, तर दान अजून पूर्ण झालेले नाही.