युद्धातून परतलेल्यांचे कथन आणि मौन : पहिल्या महायुद्धाच्या संदर्भात

हॅरी पॅच हा इंग्रज सैनिक १९१७ मध्ये पाशेंडेलच्या लढाईत लुईस गन चालविणाऱ्या एका छोट्या तुकडीत होता. २२ सप्टेंबर रोजी तोफगोळा फुटून त्याचे तीन साथीदार मारले गेले. तो स्वतः जखमी होऊन मायदेशी परतला आणि त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे युद्धाविषयी बोलला नाही. शंभरी गाठल्यावर, १९९८ साली, तो प्रथम बोलू लागला. २००९ मध्ये वयाच्या १११ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ११ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय स्मृतिदिनापेक्षा २२ सप्टेंबर हाच आपला स्मृतिदिन, असे तो मानीत असे.

एकाच युद्धातून परतलेली माणसे इतक्या वेगवेगळ्या रीतीने का बोलतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ज्याने अधिक सोसले तो अधिक कडवट बोलतो, हे सर्वसाधारण उत्तर जर्मन सैन्यातील दोन लेखकांपुढे टिकत नाही. एर्न्स्ट युंगर जवळजवळ चार वर्षे पश्चिम आघाडीवर लढला, चौदा वेळा जखमी झाला; तरीही रोजनिशीच्या आधारे १९२० मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात युद्धाचे वर्णन एका विलक्षण, भारावून टाकणाऱ्या अनुभवासारखे येते. एरिख मारिया रेमार्क १९१७ च्या उन्हाळ्यात काही आठवडेच आघाडीवर होता. त्याची १९२९ ची कादंबरी मात्र युद्धविरोधी साहित्याचा मानदंड ठरली व १९३३ मध्ये नाझींनी ती जाळली. (युंगरने आपले पुस्तक पुढे अनेकदा बदलले, हेही विसरता कामा नये. पहिला मजकूर तोच खरा, असे समजण्याची आपल्याला घाई असते.)

या प्रश्नाची अधिक समाधानकारक उकल ॲलिस्टेअर थॉमसन यांच्या 'अँझॅक मेमरीज' (१९९४) या ग्रंथात सापडते. मेलबर्नमधील कामगारवर्गीय वृद्ध सैनिकांच्या मुलाखती त्यांनी १९८० च्या दशकात घेतल्या. समाज ज्या प्रकारची कथा ऐकून घेतो, त्या साच्यात माणूस आपली आठवण रचतो आणि त्या रचनेतूनच स्वतःला सावरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. काही सैनिकांनी तर १९८१ च्या 'गॅलिपोली' चित्रपटातील प्रसंग स्वतःचे म्हणून सांगितले! त्यांना खोटारडे ठरविणे सोपे आहे. पण ते योग्य होणार नाही. ज्यांचा अनुभव शौर्यगाथेत बसत नव्हता, त्यांतील एक कामगार चळवळीतील गृहस्थ कित्येक वर्षे स्मृतिदिनाच्या संचलनापासून दूर राहिले व समाजाचा सूर पालटल्यावरच मोकळेपणाने बोलू लागले.

भारतीय शिपायांच्या बाबतीत श्रोता अधिकच गुंतागुंतीचा होता. फ्रान्समधून लिहिलेले पत्र पुष्कळदा दुसऱ्याच्या हातचे असे, ते सेन्सॉर अधिकारी वाची आणि गावी पोहोचल्यावर चारचौघांत मोठ्याने वाचले जाई. म्हणून काहींनी काळी मिरी व लाल मिरची अशा सांकेतिक शब्दांनी हिंदी व गोऱ्या सैन्याविषयी लिहिले. मेसोपोटेमियातील कुत येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. सेनापती टाउनशेंड यांचे आठवणींचे पुस्तक १९२० साली आले. पण बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते. त्यांनी घरी जे सांगितले, ते ऐकणाऱ्यांबरोबरच संपले.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रकल्पासाठी निवृत्त सैनिकांकडे जातात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा शौर्याविषयीची ठरावीक प्रश्नावली असते. मग उत्तरेही ठरावीक येतात आणि आपण त्यांना साधने म्हणतो. मुलाखत कोणी घेतली, घरातील कोण शेजारी बसले होते, कोणत्या प्रश्नानंतर सैनिक थांबला किंवा त्याने विषय बदलला, या नोंदी मजकुराइतक्याच जपून ठेवाव्यात. नकार दिलेल्या सैनिकाचे नाव यादीतून वगळू नये; वर्षभराने त्याच्याकडे पुन्हा जावे, शक्यतो प्रश्नावली न घेता.