घरचं सरकार

आणीबाणीला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२५च्या जूनमध्ये हार आणि शाली यांची चांगलीच चंगळ झाली. त्या काळात तुरुंगात गेलेल्यांचं मानधन राज्य सरकारने दुप्पट केलं. याच सरकारने त्याआधी तीन महिने, मार्चमध्ये, दहा कोटींच्या माध्यम देखरेख केंद्राला मंजुरी दिली होती. वर्तमानपत्रं, वाहिन्या, समाजमाध्यमं चाळायची, बातम्यांचे सकारात्मक आणि नकारात्मक असे ढीग लावायचे आणि दिशाभूल वाटली की खुलासा धाडायचा, हे त्याचं काम. शाल पांघरताना या केंद्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. निदान मी गेलो त्या कार्यक्रमात तरी नाही.

आमच्या सातारा-सांगली भागाला वर्तमानपत्रांवरचा असा सरकारी डोळा नवा नाही. १८९७ साली, टिळकांवर खटला झाला त्याच वर्षी, इस्लामपूरच्या 'प्रतोद' या वर्तमानपत्रावरही राजद्रोहाचा खटला भरला गेला. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. कॅनडाचं उदाहरण देऊन लिहिलेल्या एका लेखाबद्दल साताऱ्याच्या सत्र न्यायाधीशाने संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. हायकोर्टाने ती एका वर्षावर आणली. त्या पीठावर न्यायमूर्ती रानडेही होते. राजद्रोहाच्या कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल आजही सापडतो, गावात मात्र तो ठाऊक असणारा माणूस शोधावा लागतो.

त्यानंतरचा पुष्कळ काळ मी सोडून देतो. इंग्रजांविरुद्ध आमच्याकडे चाललेल्या पत्री सरकारवर भाषणं उदंड झाली आहेत. एवढंच म्हणेन की ज्यांनी इंग्रज सरकारला पळता भुई थोडी केली, तीच माणसं पुढे सरकार झाली. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून पळालेले वसंतदादा मुख्यमंत्री झाले. देवराष्ट्रेचे यशवंतराव त्यांच्या आधीच झाले होते. मग साताऱ्याचे बाबासाहेब भोसले, पुढे कराडचे पृथ्वीराज चव्हाण, आणि परवापरवापर्यंत दरे गावचे एकनाथ शिंदे. इतर जिल्ह्यांत सरकार मुंबईला असतं. आमच्याकडे ते सुट्टीला घरी येतं, लग्नात अक्षता टाकतं, संपादकाच्या आईची तब्येत विचारतं. त्याच्याविरुद्ध लिहायचं तर आधी घरातल्यांची तोंडं बंद करावी लागतात.

मी वार्ताहर म्हणून घडलो तो काळ १९७५ ते ८५चा. बातमीचं पाकीट पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि तो विसरू नये म्हणून त्याला चहा पाजायचा, अशी ती पत्रकारिता. डिसेंबर १९७५मध्ये कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळातले यशवंतराव. इंदिराबाईंचे विरोधक जयप्रकाश नारायण यांची प्रकृती तेव्हा फार बिघडलेली होती. त्यांना आराम पडावा म्हणून दुर्गाबाईंनी प्रार्थनेचं आवाहन केलं आणि सभा उभी राहिली. बाईंना पुढे अटक झाली. संमेलनाच्याच महिन्यात दिल्लीने आक्षेपार्ह मजकुराविरुद्धचा वटहुकूम काढला आणि प्रेस कौन्सिलही मोडीत काढलं.

मी पाठवलेला मजकूर छापून आला, त्यातून जयप्रकाश गायब. संपादक म्हणाले, "सेन्सॉरने कापलं." छपाईखान्यातल्या कंपोझिटरने नंतर सांगितलं की ते पान सेन्सॉरकडे गेलंच नव्हतं. ते संपादक आज हयात नाहीत, त्यांचं नाव मी घेत नाही. पण आणीबाणीत आपण कसे झुंजलो यावर त्यांनी पुढे वीस वर्षं व्याख्यानं दिली, आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकली, हे कधीतरी लिहायचंच होतं. तिकडे पुण्यात यदुनाथ थत्ते 'साधना' साप्ताहिक चालवत होते, छापखान्यावर टाच आली तरी हायकोर्टात भांडत होते. म्हणजे तसं वागता येत होतं.

१९७७च्या निवडणुकीत देश उलटला. साताऱ्याने मात्र यशवंतरावांनाच निवडून दिलं. वाचकाला आमच्या गप्प बसण्याचा राग आलेला नव्हता, आणि हे मला सेन्सॉरपेक्षा जास्त लागलं. तरीही आणीबाणीनंतरची ती सात-आठ वर्षं मला आमच्या धंद्यातली सर्वांत चांगली वाटतात. अंतुल्यांचं सिमेंट प्रकरण गाजलं, मुख्यमंत्री पायउतार झाला, आणि त्यानंतर चावडीवरचा माणूससुद्धा आम्हाला विचारायचा, "आमच्या कारखान्याचं कधी काढताय?" तालुक्याची साप्ताहिकं साखर कारखान्याच्या काटामारीवर लिहायची. दमदाटी व्हायची, सरकारी जाहिरातींच्या यादीतून नाव उडायचं, वर्ग 'ब'चा 'क' व्हायचा. वसंतदादांच्या माणसांचा निरोप यायचा, पण निरोप आल्याचीही बातमी करता यायची.

आता निरोप येत नाही. १९७५चा सेन्सॉर निदान टेबलामागे बसलेला माणूस होता, त्याच्याशी हुज्जत घालता यायची. हल्ली बातमी लिहिणाराच तालुक्यातून जाहिराती गोळा करतो. पगार नावापुरता, बाकी कमिशन. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानेच भरायची, आणि त्या नेत्याच्या कारखान्याच्या वार्षिक सभेलाही त्यानेच जायचं. अशा माणसावर देखरेख ठेवायला दहा कोटी कशाला लागतात, हे मला खरोखर कळत नाही.

मध्यंतरी अशाच एका सभेला सभासद म्हणून गेलो होतो. ऊसबिलाच्या फरकाबद्दल विचारणाऱ्या शेतकऱ्याच्या हातून माईक काढून घेतला, पाठीमागे ढकलाढकली झाली, सगळे विषय टाळ्यांच्या गजरात मंजूर. शेजारी बसलेला तरुण वार्ताहर मोबाईलवर बातमी टाईप करत होता: सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काका, दिवाळीची जाहिरात अजून यायचीय."