सीप्झच्या कुंपणातलं चर्च

अंधेरी पूर्वेला सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या फाटकातून रोज हजारो माणसं कामावर जातात. त्याच आवारात, झाडोऱ्याच्या आड, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या भिंती उभ्या आहेत. जेझुइट पाद्र्यांनी हे चर्च १५७९ साली बांधलं. तेव्हा रोममधलं त्यांचं मुख्य चर्च, 'इल जेझू', अजून पुरं व्हायचं होतं. ते १५६८ ला सुरू झालं आणि त्याचा अभिषेक १५८४ ला झाला. तेव्हा इथे कोंडिविटा गाव होतं. त्याच्या शेतांमधलं हे चर्च आणि रोमचं ते भव्य चर्च एकाच पिढीतली आहेत.

जेझुइटांचा भर प्रवचनावर होता. शेवटच्या माणसालाही पाद्री दिसावा, त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून इल जेझूमध्ये वास्तुकार विन्योलाने मधले खांब काढून एकच रुंद दालन ठेवलं. असा एकदालनी आराखडा साष्टी बेटावरच्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरातल्या, गावांनाही सोयीचा होता. काळ्या दगडाच्या जाड भिंती चुन्यात बांधायच्या आणि वर लाकडी वाशांचं कौलारू छप्पर घालायचं, एवढं काम इथल्या गवंड्या-सुतारांच्या हातचं होतं. म्हणून मला या इमारती निव्वळ पोर्तुगीज म्हणवत नाहीत.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. पुढच्या दोनशे वर्षांत इथे गावोगाव चर्च उठली. बोरिवलीला मंडपेश्वरात फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने तर कोरीव शैव लेण्यालाच चर्च केलं. लेण्याच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय उभं राहिलं. त्यांचे बिनछपराचे अवशेष आजही दिसतात. खाली गाभाऱ्यात शिवलिंग आहे, एका दालनात नटराज आहे आणि दुसरीकडे मूळ शिल्प तासून कोरलेला मोठा क्रूस आहे. ते शिल्प गेल्याची हळहळ मला वाटते. पण क्रूसही आता इतिहासाचाच भाग झाला आहे, त्यालाही कुणी हात लावू नये. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई घेतली आणि मंडपेश्वरात पुन्हा शंकराची पूजा सुरू झाली.

कोंडिविट्याच्या चर्चवर मात्र रोगाने घाला घातला. १८४० च्या सुमारास साथ आली, लोकांनी गाव सोडलं आणि मरोळला नवं चर्च उभारलं. बाप्तिस्म्याचं कुंड, मूर्ती तिकडे गेल्या. १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि हे चर्च कुंपणाच्या आत आलं. आता ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती, वर्षातून एकदा इथे मिस्सा करतात. एरवी बाहेरच्यांना फाटक बंद.

ही वास्तू मोडते आहे ती वरून. लाकूड कुजून छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो. मुंबई उपनगरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते पाणी माथ्यातून आत मुरतं, चुना धुऊन नेतं, आणि मोकळ्या झालेल्या सांध्यांत पिंपळ रुजतो. त्याची मुळं जाडावली की दगड जागचा हलतो. वरवर झाड तोडून भागत नाही, मूळ राहिलं की ते पुन्हा फुटतं. सिमेंटचा थर तर आणखी घातक. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. छप्पर पुन्हा घालायची घाई नको. दर वर्षी पावसाआधी मुळं काढून भिंतींचे माथे चुन्याने बंद केले, तरी या भिंती पुढच्या कित्येक पिढ्या उभ्या राहतील. हे काम जाणकार गवंड्यांकडून करून घ्यावं, आणि ते होईपर्यंत निदान महिन्यातून एक रविवार फाटक सगळ्यांसाठी उघडावं.