युरोपीय वाद्यवृंदातील तुर्की ढोल

ऑटोमन सुलतानांच्या जानिसरी या खड्या पायदळाबरोबर वाजणाऱ्या ताफ्याला ‘मेहतेर’ म्हणत. मोठे ढोल, नगारे, झांजा आणि सनईच्या कुळातील झुर्ना हे तीव्र स्वराचे सुषिरवाद्य यांचा तो गजर स्वसैन्याला चेव आणी आणि शत्रूला धडकी भरवी. 1683 मध्ये व्हिएन्नाचा वेढा उठल्यावर ही दहशत ओसरत गेली आणि अठराव्या शतकात युरोपातील दरबारांनी व पलटणींनी तीच वाद्ये हौसेने आपलीशी केली.

मोझार्टच्या 1782 च्या ‘सेराइल’ ऑपेरात, म्हणजे गायनप्रधान नाटकात, ढोल, झांजा आणि त्रिकोण (ट्रायँगल) यांनी तुर्की वातावरण उभे केले. त्या काळी ढोलाच्या एका तोंडावर जाड टिपरू आणि दुसऱ्यावर बारीक छडी पडे, त्यामुळे जड आणि हलक्या आघातांची लय एकाच वाद्यातून निघे. मात्र मकाम ही तुर्की स्वरपद्धती युरोपीय रचनाकारांनी घेतली नाही. त्यांनी घेतला तो ठेका आणि झणत्कार, आणि तेवढ्यानेही वाद्यवृंदाचा नाद कायमचा बदलला.

हायडनच्या 1794 च्या शंभराव्या सिंफनीत या वाद्यांतून युद्धच ऐकू येते. बेटहोवेनची झेप त्याहून मोठी आहे: 1824 च्या नवव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात वृंदगान ईश्वराच्या नावावर शिखर गाठून थांबते, क्षणभर शांतता पसरते, मग बॅसून हे खर्जातील सुषिरवाद्य आणि ढोल यांचे दबके, तुटक ठोके सुरू होतात आणि त्यांतून उमलणाऱ्या तुर्की ढंगाच्या कूचगीतावर विश्वबंधुत्वाचे गाणे पुढे सरकते.