उंबऱ्याशी घरंगळलेली अंगठी
लेखमाला : पडद्यामागचं गणित (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात मध्यंतराची जागा कशी ठरते ते पाहिलं. त्यावर पिशोरच्या एका वाचकानं विचारलं, ‘मध्यंतर राहू द्या, हेरगिरीच्या सिनेमात पहिल्या पाच मिनिटांतच माणूस जागेवर खिळतो तो कशामुळे, ते आधी सांगा.’ प्रश्न रास्त आहे, म्हणून ठरलेला विषय मागे ठेवून आज त्याच्याकडे वळतो.

हेरपटाची सुरुवात म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्फोट येतो, उलटणारी गाडी येते, गच्चीवरून उडी घेणारा नायक येतो. हे सगळं असतंच. पण धडाक्यानं माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस दोन मिनिटांत सावरून शेजारच्याशी बोलायला लागतो. कसलेला दिग्दर्शक त्यापुढे जातो. तो आरंभीच प्रेक्षकाच्या हाती एक खबर देतो. ती पडद्यावरच्या माणसाला सांगायची आपली कितीही इच्छा असो, सांगता येत नाही. खबर हाती आली की आपण आपोआप पाळतीवर बसतो. कोण कुणाकडे बघतंय, कुणाचा हात खिशात गेला, दार अर्धवट उघडं का राहिलं, सगळं टिपायला लागतो. प्रेक्षकाचाच हेर होतो. माझ्या मते हेरपटाच्या सुरुवातीचं मर्म इथे आहे.

ही युक्ती सिनेमापेक्षा फार जुनी आहे. विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’ हे सात अंकी संस्कृत नाटक साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं मानतात. नंदांचं राज्य गेलंय, चंद्रगुप्त गादीवर आहे, आणि नंदांचा एकनिष्ठ अमात्य राक्षस सूड घ्यायला बाहेर मोकळा आहे. त्याला मारायचं नाही, आपल्या बाजूला वळवायचं, हा चाणक्याचा बेत. पण नाटक यातलं काहीही सांगत सुरू होत नाही. सूत्रधार घरी येतो तर स्वयंपाकाची धांदल चाललेली. का, तर चंद्रग्रहण आहे म्हणे. सूत्रधार बायकोला समजावतो की केतू चंद्राला ग्रासू पाहतोय खरा, पण आज ग्रहण लागायचं नाही. तेवढ्यात पडद्याआडून डरकाळी ऐकू येते: मी जिवंत असताना चंद्राला हात लावणारा कोण? सूत्रधार आकाशातल्या चंद्राबद्दल बोलत होता, आतल्या माणसानं तो चंद्रगुप्ताबद्दल ऐकला. पुढच्याच क्षणी सुटलेली शेंडी चाचपत चाणक्य रंगमंचावर येतो. एका वाक्याच्या दोन अर्थांवर नाटकाची पकड बसली. इथे साधं बोलणंही साधं नाही, हे प्रेक्षकाला कुणी न सांगता कळलं.

मग येतो हेर. त्याचं नाव निपुणक, आणि सोंग यमपट दाखवणाऱ्याचं. यमपट म्हणजे यमलोकातल्या शिक्षांची चित्रं काढलेला पट. तो घरोघर पसरायचा, गाणी म्हणायची आणि भिक्षा मागायची. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणची चित्रं याच घराण्यातली: एकामागून एक चित्र पुढे धरायचं आणि गोष्ट गाऊन सांगायची. चित्रं दाखवणाऱ्याला कुठल्याही अंगणात मज्जाव नसतो, आणि सगळ्यांचे डोळे चित्रावर असताना त्याचे डोळे घरावर फिरू शकतात. विशाखदत्तानं हेराला नेमकं हेच सोंग दिलं, याचं मला प्रत्येक वाचनात नवल वाटतं.

निपुणक राक्षसाच्या बाजूच्या तिघांची नावं सांगतो. पहिलं नाव जीवसिद्धी नावाच्या क्षपणकाचं, म्हणजे साधूचं. चाणक्य मनातल्या मनात म्हणतो, हा तर आपलाच हेर. म्हणजे एका हेरानं दुसऱ्या हेराला शत्रू समजून त्याची चुगली केली! निपुणकाला हे ठाऊक नाही, चाणक्याला आहे, आणि आता आपल्यालाही. या घटकेपासून प्रेक्षक रंगमंचावरच्या हेरापेक्षा एक पायरी वर बसतो.

तिसरं नाव चंदनदास जवाहिऱ्याचं. त्याच्या घरी निपुणकानं पट पसरला आणि गाणं धरलं. आतल्या दारातून पाचेक वर्षांचा पोरगा कुतूहलानं बाहेर धावला. आत बायकांची एकच धांदल उडाली, ‘गेला, बाहेर गेला!’ एका बाईनं दाराआडून जेमतेम चेहरा बाहेर काढला, पोराला दटावलं आणि हात लांबवून आत ओढलं. त्या ओढाताणीत तिच्या बोटातली अंगठी निसटली. अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची होती, तिला सैल होत होती. ती उंबऱ्याशी पडली, घरंगळत आली आणि निपुणकाच्या पायाशी येऊन थांबली. तिच्यावर नाव कोरलेलं होतं, राक्षसाचं. म्हणजे राक्षसाचं बायकापोरांचं बिऱ्हाड याच घरात लपलेलं आहे. याच अंगठीच्या ठशानं चाणक्य पुढे खोटं पत्र मुद्रांकित करतो आणि राक्षसाभोवती फास आवळत नेतो. आजचा कॅमेरा असता तर दिग्दर्शकानं तरी वेगळं काय केलं असतं? पोराचे पाय, बाईचा हात, सुटलेली अंगठी, थांबलेला पाय. ना तलवार, ना रक्त.

आता तिथून थेट १९६३ मध्ये येऊ. जेम्स बाँडचा दुसरा चित्रपट ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’. नामावलीच्याही आधी एक स्वतंत्र प्रसंग ठेवायची बाँडपटांची रीत या चित्रपटापासून पडली. रात्रीची बाग, पुतळे, छाटलेली झुडपं. बाँड दबकत चाललाय, आणि त्याच्या मागावर सोनेरी केसांचा एक धिप्पाड माणूस. बोलणं अजिबात नाही, पाचोळ्यावरच्या पावलांचा आवाज तेवढा. तो माणूस मनगटावरच्या घड्याळातून बारीक तार ओढून काढतो आणि बाँडचा गळा आवळतो. नायक मेला! प्रेक्षकाला काही उमजायच्या आत समोरच्या वाड्याचे झगझगीत दिवे लागतात. एक जण हातातलं घड्याळ बघत पुढे येतो आणि वेळ जाहीर करतो: १ मिनिट ५२ सेकंद. मग खाली वाकून प्रेताच्या चेहऱ्यावरचा मुखवटा सोलून काढतो. आत भलताच माणूस.

हा प्रसंग लोकांना मुखवट्यासाठी आठवतो, पण मुखवट्याचा धक्का तिथेच विरतो. पुढे टिकतात त्या दोन खबरा: कुणीतरी बाँडला मारायची तालीम करतंय, आणि मारणारा हाच आहे. ग्रँट नावाचा तो मारेकरी (भूमिका रॉबर्ट शॉची) पुढे इस्तंबूलमध्ये बाँडच्या मागे सावलीसारखा फिरतो, चक्क त्याचा जीवही वाचवतो, आणि अखेर ओरिएंट एक्सप्रेसमध्ये सहकारी असल्याचं भासवून त्याच्यासोबत जेवायला बसतो. बाँडला तो माहीत नाही, आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. जेवणाच्या टेबलावरचा साधा शिष्टाचार बघतानाही आपला जीव खालीवर होतो, याचं बीज बागेत पेरलेलं असतं. आधी प्रेक्षकाला फसवायचं आणि लगेच त्याला कटात सामील करून घ्यायचं. इतकी घट्ट बांधलेली सुरुवात त्यानंतरच्या कितीतरी महागड्या बाँडपटांना साधली नाही.

त्या महागड्यांतला गाजलेला नमुना म्हणजे १९७७ चा ‘द स्पाय हू लव्हड मी’. स्कीवरून घसरत आलेला बाँड थेट कड्यावरून खाली झेपावतो. ही उडी रिक सिल्व्हेस्टर या साहसवीरानं कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट अॅसगार्डवरून खरोखर घेतली होती. माणूस कोसळत असताना पार्श्वसंगीत थांबवलंय. त्या शांततेत थिएटरातला श्वास अडकतो, मग ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट उघडतं आणि टाळ्या पडतात. प्रसंग सुंदर आहे, पण त्याचा पुढच्या कथेशी धागा अगदी बारीक. २००६ च्या ‘कॅसिनो रोयाल’नं पुन्हा आवाज खाली आणला. कृष्णधवल चित्रण, प्राग शहर, रात्रीचं रिकामं ऑफिस. फितूर अधिकारी बोलता बोलता खणातलं पिस्तूल काढून चाप ओढतो, नुसताच खट् असा आवाज होतो, आणि समोर बसलेला बाँड त्याच पिस्तुलाचं गोळ्यांचं मॅगझीन हातात धरून दाखवतो. तो आधीच येऊन खण तपासून गेलाय, हे एका ‘खट्’नं सांगितलं.

हिंदीत अलीकडे हेरपटांची रांग लागली आहे. ‘वॉर’च्या (२०१९) आरंभी कबीर अतिरेक्याला टिपायचं सोडून आपल्याच माणसाला गोळी घालतो. ‘पठान’मध्ये (२०२३) कलम ३७० हटल्यावर संतापलेल्या पाकिस्तानी जनरलला डॉक्टर सांगतात की आयुष्याची तीन वर्षं उरली आहेत, आणि तो एका भाडोत्री माणसाला फोन लावतो. दोन्हीकडे पकड आहे, पण वेगवेगळ्या जातीची. ‘का केलं असेल?’ या प्रश्नाची पकड उत्तर मिळालं की सुटते, आणि ‘वॉर’चं थोडं तसं होतं. मरणाची मुदत घालून दिलेला शत्रू मात्र शेवटपर्यंत मागे लागून राहतो.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती मेघना गुलजार यांच्या ‘राझी’ची (२०१८) सुरुवातीची मांडणी. हरिंदर सिक्का यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून गेलेल्या सेहमतचा. ती आपल्याला प्रथम भेटते तेव्हा दिल्लीत शिकणारी कॉलेजातली पोर आहे. रस्त्यावरची खार गाडीखाली येईल म्हणून धावते आणि पायात काच भरून घेते. मैत्रीण काच काढते तेव्हा हिला स्वतःचं रक्त बघवत नाही. मुठी आवळून, तोंड फिरवून बसते. एवढंच. पण हेरगिरीच्या गोष्टीत ही मुलगी कुठे पोचणार याचा अंदाज आपल्याला आहे, आणि रक्ताकडे न बघणारे ते डोळे आपल्याजवळ खबर म्हणून राहतात. पुढे सासरी तिच्या हातून जे जे घडतं, ते सगळं आपण त्या काचेच्या तुकड्यावरून मोजतो.

प्रेक्षक कुठे बसलाय, यावरही सुरुवात ठरते. मराठवाडा-खानदेशातल्या यात्रांमधल्या तंबूच्या टॉकीज आठवा. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये कापडाची कनात. बाहेर कर्ण्यावर गाणी चालू असेपर्यंत लोक पाळण्यांपाशी रेंगाळायचे. गाणं थांबलं की सिनेमा सुरू झाला असं समजून पळत सुटायचे, आणि पहिली काही मिनिटं जागा शोधण्यात, पोरं आवरण्यात जायची. संवादातून सांगितलेली सुरुवात त्या गलक्यात बुडायची. पावलं, हात, दार, अंगठी अशा गोष्टींतून सांगितलेली तेवढी पोचायची. आज पिशोरच्या स्टँडवर एसटीची वाट बघणारा पोरगा मोबाइलवर सिनेमा लावतो तेव्हा गलका एसटीचा असतो आणि अंगठा पुढे सरकवायच्या खुणेवर तयार असतो. अडचण तीच आहे, फक्त प्रेक्षकाला उठून जायलाही लागत नाही.

आता आपल्या मुलखातली गोष्ट. पिशोरहून जालना काही परमुलूख नाही. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं जालनापूर लुटलं. परतीच्या वाटेवर, संगमनेरच्या बाजूला, मोगलांनी गाठलं. रणमस्तखानाशी झुंज झाली, सिधोजी निंबाळकर पडले, आणि आणखी मोगली फौज चालून येत होती. सभासद बखरीत नोंद आहे की या वेळी बहिर्जी जासुदानं शत्रूला चुकवून फौज काढून नेण्याचा जिम्मा घेतला आणि रात्रंदिवस चाल करत आडवाटांनी सर्वांना पट्टा किल्ल्यावर पोचवलं. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून पट्ट्याचं नाव विश्रामगड पडलं, असं सांगतात.

यावर सिनेमा काढायचा तर सुरुवात कशी होईल? आपल्या ऐतिहासिक चित्रपटांची मळलेली वाट म्हणजे धीरगंभीर निवेदन, नकाशावर पसरणारा रंग, तारीख आणि मग पोवाडा. मला ती खटकते, कारण त्यात प्रेक्षकाला हात जोडण्याखेरीज काही काम उरत नाही. महाराज सुखरूप पोचणार हे त्याला शाळेपासून पाठ आहे. त्याला माहीत नाही ती वाट.

म्हणून मी नदीच्या उतारापासून सुरुवात करीन. लुटीच्या ओझ्यानं वाकलेली जनावरं पाण्यात उतरतायत, शिपाई गावाकडच्या गप्पा मारतायत, कुणीतरी नव्या कड्याची किंमत काढतोय. रांगेच्या पुढे, पलीकडच्या काठावर एक माणूस उकिडवा बसून चिखल बघतोय. टापांचे ठसे ताजे आहेत आणि त्यांची तोंडं आपल्या दिशेला आहेत. तो लिदीचा गोळा बोटांनी फोडतो. आत ओल आहे, ऊब आहे. तो उठतो आणि कुणाशी अक्षर न बोलता रांगेच्या उलट दिशेनं, महाराजांकडे चालू लागतो. वाटेत ओळखीचे हसतात, तो हसून उत्तर देतो. कॅमेरा त्याच्यासोबत. बहिर्जी हे नाव अजून कुणी घेतलेलं नाही, पण त्याला जे कळलंय ते आपल्याला कळलंय, आणि त्या हसणाऱ्या शेकडो माणसांना कळलेलं नाही. नामावली इथे यावी.

नकाशा दाखवायचाच असेल तर तो पुढे, वाट निवडायची वेळ येईल तेव्हा. त्या दृश्यात लुटीतलं किती सोबत न्यायचं आणि किती टाकायचं यावर बोलणं झालं पाहिजे, कारण आडवाटेनं जाताना ओझं नडतं, आणि पाठलाग करणाऱ्याला टाकलेला माल माग दाखवतो.

पुढच्या आठवड्यात राहून गेलेला विषय: खलनायक पडद्यावर पहिल्यांदा केव्हा आणावा.