शोभिवंत माशांच्या परांवरील गाठी : ओळख आधी, औषध नंतर

गोल्डफिशच्या कल्ल्यांवरील झाकणावर आणि छातीजवळच्या परांच्या पुढील कडेवर कधी कधी मोहरीहूनही बारीक, पांढरे, खरखरीत दाणे उमटतात. नवखा मत्स्यपालक त्यांना ‘पांढऱ्या ठिपक्यांचा रोग’ समजतो आणि टाकीत औषध ओततो. वस्तुतः हे दाणे नर प्रजननक्षम झाल्याची खूण असतात. त्वचेच्या पेशींत केराटिन साठून तयार होणाऱ्या या उंचवट्यांना जननगुटिका म्हणता येईल. हंगाम ओसरल्यावर त्या आपोआप नाहीशा होतात. म्हणजे ज्या नरापासून उत्तम पैदास मिळावयाची, नेमका त्यालाच रोगी ठरवून औषधात बुडविले जाते किंवा कळपातून काढून टाकले जाते.

अशी चूक घरातील एखाद्या काचपेटीत झाली तर हानी मर्यादित राहते. परंतु चेन्नईजवळील कोळत्तूर किंवा पश्चिम बंगालमधील हावडा यांसारख्या भागांत अनेक कुटुंबे सिमेंटच्या टाक्यांत आणि लहान तळ्यांत शोभिवंत माशांची पैदास करून उपजीविका करतात. एका तळ्यातील मासे अनेक व्यापाऱ्यांकडे जातात आणि त्यांच्याबरोबर रोगही प्रवास करतो. या व्यवसायात गाठीची अचूक ओळख हा छंदाचा नव्हे, उत्पन्नाचा प्रश्न असतो.

पर हा माशाच्या शरीराचा सर्वांत वाचनीय भाग होय. दोन थरांच्या पातळ त्वचेत किरणांसारखे काटे आणि रक्तवाहिन्या एवढीच त्याची रचना असल्याने उजेडासमोर धरलेल्या परात आतले-बाहेरचे सारे दिसते. निरीक्षकाने प्रथम उंचवट्यांची मांडणी पाहावी. जननगुटिका परकिरणाच्या ओळीने, दोन्ही बाजूंस सारख्या येतात. रोगाला अशी शिस्त नसते. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ठिपक्यांची संख्या वाढते का, मासा अंग घासतो का, आणि टाकीतील इतर माशांवरही तेच दिसते का, याची नोंद ठेवावी. एका दिवसाच्या पाहणीवरून दिलेला निर्णय बहुधा चुकतो.

पांढरा ठिपका आणि त्याचे चक्र

खरा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ‘इक्थायोफ्थिरियस मल्टिफिलिस’ या रोमयुक्त एकपेशीय परजीवीमुळे होतो. ठिपके मिठाच्या कणांएवढे, जास्तीत जास्त सुमारे १ मिलिमीटर आकाराचे असून परांवर, अंगावर आणि कल्ल्यांवर विखुरलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली संथपणे गोल फिरणारी पेशी आणि तिच्यातील घोड्याच्या नालेसारखे केंद्रक दिसले की निदान निश्चित होते.

या जीवाचे चक्र समजल्याशिवाय उपचार फोल ठरतो. ठिपक्याच्या रूपात दिसणारा परजीवी त्वचेच्या आवरणाखाली वाढत असतो. पाण्यातील औषध तेथे पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कोश तयार करतो आणि त्यातून शेकडो पोहणारी पिले बाहेर पडतात. नवा मासा शोधण्यासाठी त्यांच्याकडे एक-दोन दिवसांचाच अवधी असतो. औषधाचा मारा लागू पडतो तो याच अवस्थेवर. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होते, तर १० अंशांच्या पाण्यात त्यास महिन्याहून अधिक काळ लागतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध थांबविणाऱ्यास काही दिवसांनी पूर्वीपेक्षा अधिक ठिपके का दिसतात, याचे उत्तर या चक्रात आहे.

‘एपिस्टायलिस’ हा दुसरा रोमयुक्त जीव वरवर पाहता असाच दिसतो. मात्र तो देठावर वसाहत करून राहतो, माशाचा उपयोग केवळ बैठकीसारखा करतो आणि पाण्यातील जीवाणू खातो. त्याची वाढ हा पाण्यात सेंद्रिय कचरा साचल्याचा पुरावा होय. तेथे औषधाच्या बाटलीपेक्षा स्वच्छ पाण्याची बादली अधिक उपयोगी पडते.

फुलकोबीसारखी गाठ

परांच्या कडांवर मोत्यांच्या किंवा फुलकोबीच्या तुऱ्यांसारख्या टणक, पांढुरक्या गाठींचे पुंजके दिसले तर ‘लिम्फोसिस्टिस’ या विषाणूजन्य रोगाचा विचार करावा लागतो. हा विषाणू संयोजी ऊतीतील पेशींमध्ये शिरून त्यांना फुगवितो. एकेका पेशीचे आकारमान हजारो पटींनी वाढून ती नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे की हा कर्करोग नव्हे. येथे पेशींची संख्या वाढत नाही, आकार वाढतो. गोल्डफिश, कोई आदी कार्प कुळातील माशांमध्ये आणि मार्जारमीनांमध्ये हा रोग आढळत नाही, त्यामुळे माशाची जात कळताच निम्मे निदान होते. यावर कोणतेही औषध नाही. पाणी चांगले असेल आणि माशावर ताण नसेल तर गाठी काही आठवड्यांत वा महिन्यांत गळून पडतात.

या रोगाशी एका भारतीय माशाची दुःखद कथा निगडित आहे. आपल्याकडील नद्या-तळ्यांत आढळणारा ‘चांदा’ हा छोटा मासा (शास्त्रीय नाव ‘पॅराम्बॅसिस रंगा’) काचेसारखा पारदर्शक असतो. परदेशांतील बाजारांसाठी या जातीच्या माशांना सुईने झगझगीत रंग टोचण्याची प्रथा पडली आणि ‘रंगवलेले काचमासे’ म्हणून ते विकले जाऊ लागले. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये केलेल्या पाहणीत रंग टोचलेल्या माशांत लिम्फोसिस्टिसचे प्रमाण न टोचलेल्या माशांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. सुईची जखम आणि माशावर आलेला ताण यांनी विषाणूला वाट करून दिली असावी. सौंदर्याच्या नावाखाली दिलेली ही इजा त्याच माशाच्या परांवर गाठी होऊन प्रकटली.

कोई कार्पच्या परांवर थंडीत मेणाचे थेंब सांडल्यासारखे गुळगुळीत, दुधी उंचवटे येतात. त्यांना ‘कार्प पॉक्स’ म्हणतात. पाणी तापू लागताच ते विरतात. त्यास कारणीभूत असलेला पहिल्या क्रमांकाचा सायप्रिनिड हर्पेस विषाणू आणि कोई हर्पेस विषाणूजन्य रोग घडविणारा तिसऱ्या क्रमांकाचा विषाणू यांत परीक्षार्थींनी गल्लत करू नये. पहिला प्रौढ माशाचे रूप तेवढे बिघडवितो. दुसरा कल्ले कुजवून संपूर्ण तळे मारू शकतो आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या सूचित रोगांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

काही प्रकार ओळखण्यास सोपे असतात. परातून बाहेर लोंबणारा, टोकाशी अंड्यांच्या दोन पिशव्या असलेला धागा म्हणजे ‘अँकर वर्म’; नावात कृमी असला तरी तो कवचधारी वर्गातील प्राणी आहे. चपटी, सरकणारी चकती ही माशांची ऊ होय. कापसासारखा पुंजका बहुधा जखमेवर वाढलेली बुरशी असते, पण ‘कॉलमनॅरिस’ हा जीवाणूजन्य रोगही तसाच दिसतो आणि उष्ण पाण्यात वेगाने जीव घेतो. परात हवेचे बुडबुडे चमकत असतील तर ते पाण्यात वायू अतिरिक्त प्रमाणात विरघळल्याचे लक्षण समजावे. कूपनलिकेचे ताजे पाणी थेट टाकीत सोडल्यास असे घडू शकते.

प्रतिजैविकांचा मोह

वरीलपैकी केवळ कॉलमनॅरिस हा जीवाणूजन्य असूनही दुकानात सर्वांत सहज हाती दिले जाते ते प्रतिजैविक. विषाणू, परजीवी किंवा जननगुटिका यांवर त्याचा परिणाम शून्य असतो. उलट काही प्रतिजैविके गाळणीतील उपयुक्त जीवाणूंना मारतात. हे जीवाणू माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करीत असतात. ते नष्ट झाले की अमोनिया साचतो, मासे मरतात आणि दोष मात्र मूळच्या गाठीवर जातो. टाकीचे पाणी शेवटी गटारात जाते आणि औषधाला दाद न देणारे जीवाणू तेथे पोसले जातात. प्रतिजैविक प्रतिरोधाविषयी भारताने २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला. शोभिवंत माशांच्या व्यापाराकडे त्या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही, ही उणीवच म्हणावी लागेल.

जलचरांच्या रोगांवर लक्ष ठेवण्यासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा समन्वय लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आहे. शेतकऱ्यांना रोगाची माहिती थेट कळविता यावी यासाठी २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाईल उपयोजनही आले. परंतु छायाचित्रावरून संशय व्यक्त करता येतो, निदान नव्हे. त्यासाठी पराचा छोटा तुकडा किंवा त्यावरील श्लेष्म काचपट्टीवर त्याच टाकीच्या पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ऊतींच्या तपासणीसाठी दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. नमुना म्हणून मासा प्रयोगशाळेत जिवंतच न्यावा, कारण तो मेला की अनेक परजीवी काही तासांतच त्याला सोडून जातात आणि तपासणाऱ्याच्या हाती केवळ कुजू लागलेला पर उरतो.