नवागताचे स्वागत : मराठी वाङ्मयव्यवहारातील एक दुर्लक्षित प्रक्रिया

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणी प्रायः ग्रंथ, प्रवृत्ती आणि कालखंड यांच्या आधारे करण्याचा प्रघात आहे. एखादा लेखक प्रस्थापित झाल्यानंतर इतिहासकार त्याच्याकडे वळतो आणि मग मागे जाऊन त्याच्या प्रारंभीच्या लेखनाचा मागोवा घेतो. परंतु हा लेखक वाङ्मयव्यवहारात नेमका कोणत्या दाराने आला, दारात त्याला कोण भेटले आणि आत घेताना त्याच्याकडून काय मागितले गेले, हे प्रश्न चरित्रपर एखाद्या परिच्छेदात आटोपले जातात. वास्तविक नवागताला सामावून घेण्याची रीत ही त्या त्या काळाच्या वाङ्मयीन संस्कृतीची एक कसोटीच असते. कोणती भाषा 'वाङ्मयीन' मानावयाची, लेखक कोणाला म्हणावयाचे आणि वाचक म्हणून कोणाला गृहीत धरावयाचे, याविषयीच्या ज्या समजुती एरवी उच्चारल्या जात नाहीत, त्या नवखा माणूस उंबरठ्यावर आला की उघड होतात.

येथे सत्कार आणि स्वीकार या दोहोंत भेद करणे आवश्यक आहे. सत्कार क्षणाचा असतो. तो करणाऱ्याला पुढे काही करावे लागत नाही. स्वीकारात वाचन, मतभेद, दुरुस्ती आणि प्रसंगी स्वीकारणाऱ्याची स्वतःची गैरसोय अंतर्भूत असते.

१९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनातील प्रसंग सर्वश्रुत आहे. सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. कीर्तिकर हे व्यवसायाने वैद्यक क्षेत्रातील आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. नामकरणाची सवय त्यांना होतीच, आणि त्यांनी दिलेले हे नाव तर असे चिकटले की मूळ नाव पाठ्यपुस्तकातील तळटीपेपुरते उरले. सत्काराचा हा आदर्श नमुना होय. मात्र पदवी जितकी प्रेमळ, तितकीच ती बंधनकारक ठरू शकते. १९१८ साली रेल्वे अपघातात मृत्यू आला तेव्हा ठोंबरे सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांच्या कवितेत खिन्नतेचा, रितेपणाचा एक गडद सूर स्थिरावलेला होता. असे असूनही निर्झर, फुले आणि पाखरे यांचा निरागस कवी ही प्रतिमाच दीर्घकाळ शालेय वाचकाच्या मनात राहिली. 'पारवा' किंवा 'खेड्यातील रात्र' या कवितांकडे वळताना वाचकाला प्रथम 'बाल' हा शब्द बाजूला सारावा लागतो.

याच कवीच्या बाबतीत स्वीकाराचेही उदाहरण आढळते, हे विशेष. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी त्याला काही काळ आपल्या घरी ठेवून घेतले. 'स्मृतिचित्रे'मध्ये ठोंबरे येतो तो पदवीधारी कवी म्हणून नव्हे, तर घरातला एक लहरी, हळवा मुलगा म्हणून. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झालेले होते. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील मुलाने अशा घरी राहणे, जेवणे याचा सामाजिक अर्थ दोन्ही पक्षांना पुरेपूर ठाऊक होता. संमेलनातील टाळ्यांपेक्षा हे आदरातिथ्य अधिक खर्चाचे होते.

१९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे स्वरूप याहून वेगळे. रविवारी चहाच्या निमित्ताने जमावयाचे, कविता वाचावयाच्या, त्यांवर चर्चा करावयाची, अशी ही रीत होती. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी काव्यगायनाच्या द्वारे कविता सामान्य श्रोत्यापर्यंत नेली, हे मंडळाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि ठरावीक सभासदांच्या वर्तुळात नवख्याला जागा मर्यादितच असते. आपापसांत वाचन करणारे कवी एकमेकांच्या लकबी उचलतात आणि पुढे त्या लकबींनाच काव्य समजू लागतात. अत्र्यांच्या विडंबनाला सामग्री मिळाली ती येथूनच. मंडळात मनोरमाबाई रानडे या एकट्या स्त्री होत्या, ही बाबही त्या दाराची रुंदी सांगून जाते.

नवागताच्या स्वीकाराला शिस्तीचे रूप प्राप्त झाले ते 'सत्यकथा' या मासिकात. १९३३ ते १९८२ या काळात चाललेल्या या मासिकाला श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लाभले. आलेले हस्तलिखित बारकाईने वाचणे, त्याविषयी लेखकाला सविस्तर पत्र लिहिणे, पुनर्लेखन सुचविणे आणि नव्याने आलेला खर्डा पुन्हा तितक्याच आस्थेने वाचणे ही 'सत्यकथे'ची कार्यपद्धती होती. 'साभार परत' या दोन शब्दांनी आटोपणाऱ्या काळात अज्ञात लेखकाला असे पत्र येणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पत्रात गौरव थोडा असे आणि प्रश्न पुष्कळ असत. या पात्राला हे वाक्य शोभते का, कथा जेथे संपली त्यापुढे हा परिच्छेद कशासाठी, अशा जातीच्या प्रश्नांतून नवख्या लेखकाला प्रथमच जाणवत असे की आपण लिहिलेले कोणीतरी शब्दशः वाचले आहे. कुडाळात खाणावळ चालविणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकर या तरुणाची 'आरती प्रभू' या नावाची कविता मराठी वाचकांसमोर आली ती याच मासिकातून. मुंबई-पुण्याबाहेरच्या, कोणतीही ओळखदेख नसलेल्या लेखकाला टपालाच्या तिकिटावर प्रवेश मिळू शकतो, हा विश्वास 'सत्यकथे'ने निर्माण केला. नवकथेच्या आणि नवकवितेच्या प्रस्थापनेइतकेच हे कार्य महत्त्वाचे आहे.

परंतु याच पद्धतीची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. संपादकाची अभिरुची जितकी सूक्ष्म, तितकी ती निवडक असते. पुनर्लेखनाच्या सूचना पाळताना लेखन सफाईदार होते. त्याचबरोबर त्यातील एखादा ओबडधोबड पण अस्सल कंगोरा घासला जाण्याचा संभव असतो. लेखकाने काय गमावले हे हस्तलिखित उपलब्ध असल्याखेरीज सांगता येत नाही, आणि आपल्याकडे हस्तलिखिते जपण्याची परंपरा क्षीण आहे. त्यामुळे 'सत्यकथे'ने लेखक घडविले की एका साच्यात बसविले, हा वाद पुराव्यापेक्षा अभिनिवेशानेच अधिक लढविला गेला.

त्या अभिनिवेशाचे मूळ लघुअनियतकालिकांच्या चळवळीत आहे. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे चक्रमुद्रित नियतकालिक सुरू केले, तेव्हा १९३८ साली जन्मलेले चित्रे विशीच्याही अलीकडे होते. संपादकाने दार उघडावे म्हणून तिष्ठण्यापेक्षा स्वतःचे दार बसवावे, ही कल्पना येथून रुजली. साठोत्तरी काळात 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू' यांसारखी अनियतकालिके निघाली आणि बंद पडली. त्यांचे अल्पायुष्य हा दोष मानण्याचे कारण नाही. काम झाले की ती थांबत. राजा ढाले यांनी 'येरू'मधून 'सत्यकथे'वर केलेला प्रहार आणि १९६९ मधील 'सत्यकथे'ची होळी यांना केवळ तरुणाईचा उद्रेक समजणे उथळपणाचे होईल. स्वागताची अट कोण ठरवितो, हा त्यामागील प्रश्न होता. मात्र चळवळीच्या गौरवात एक गोष्ट झाकली जाते. जेथे संपादकच नको, तेथे नवख्याला छापून मिळते, पण वाचून मिळेलच असे नाही. मित्रांच्या अंकात मित्रांनी लिहावे आणि मित्रांनीच वाचावे, या वर्तुळाची रविकिरण मंडळाशी तुलना त्या मंडळींना मुळीच रुचली नसती. तरीही ती करता येण्याजोगी आहे.

दलित साहित्याच्या संदर्भात हा प्रश्न मुळापासून बदलतो. येथे नवागत हा एकटा लेखक नव्हता. त्याच्यासोबत त्याची भाषा, अनुभव आणि वाचकही नवे होते. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६७ साली सुरू झालेले 'अस्मिता' हे नियतकालिक पुढे 'अस्मितादर्श' या नावाने स्थिरावले आणि डॉ. गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांनी ते अनेक दशके चालविले. प्रस्थापित नियतकालिक लेखकाला तयार वाचकवर्गासमोर उभे करते. 'अस्मितादर्श'ला वाचकवर्गही घडवावयाचा होता. म्हणूनच त्याचे मेळावे लेखक-वाचक मेळावे होते, या जोडशब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे. पहिल्या पिढीने शिक्षण घेतलेल्या तरुणाला तेथे आपण लिहावयाचे की नाही याची परवानगी मागावी लागत नव्हती. आपल्या वस्तीतील शब्द कागदावर उतरू शकतात, हे त्याला छापील अंकातच दिसत होते. अशा ठिकाणी कच्च्या लेखनालाही जागा मिळते, आणि केवळ कलागुणांच्या निकषावर त्या अंकांचे मूल्यमापन करणारा समीक्षक ही बाब विसरतो.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची प्रस्तावना याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. नवोदिताच्या पुस्तकाला ज्येष्ठाने प्रस्तावना लिहावी ही मराठीतील जुनी चाल. तीत ज्येष्ठ यजमान असतो आणि नवोदित पाहुणा. विजय तेंडुलकरांनी ही चाल उलटी केली. कवितांतील अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी दडविले नाही. ढसाळांना त्यांचे अर्थ विचारले आणि त्यांच्यासमवेत ते जग पाहावयास ते स्वतः गेले. येथे पाहुणा कोण आणि यजमान कोण? प्रस्थापित लेखक नवागताच्या भाषेत नवखा होऊन शिरतो, असा प्रसंग मराठी प्रस्तावनांच्या इतिहासात विरळाच. (नंतरच्या काळात बोलीभाषेतील संग्रहांना शब्दार्थांची यादी जोडण्याची पद्धत रूढ झाली. ती सोयीची आहे, परंतु तीत वाचकाने उठून कोठे जावे लागत नाही.)

पुढील काळात धुळ्याहून १९८५ साली पुरुषोत्तम पाटील यांनी सुरू केलेल्या 'कवितारती'ने केवळ कवितेला वाहिलेले नियतकालिक कसे असते हे दाखविले, आणि जिल्ह्याच्या गावाहून काव्याचे केंद्र उभे राहू शकते याची प्रचीती दिली.

या सर्व उदाहरणांत न येणारे एक दार महाविद्यालयीन अध्यापकांच्या रोजच्या परिचयाचे आहे. वार्षिक अंक आणि वाङ्मय मंडळाचे भित्तिपत्रक ही बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने लेखक म्हणून प्रवेश करण्याची पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, जागा असते. तेथे संपादक म्हणजे विभागातील प्राध्यापक. आणि त्याच्या हाती उत्तरपत्रिका तपासताना असते तीच लाल शाई असते. 'पानी', 'व्हता', 'म्या' यांची दुरुस्ती करून 'पाणी', 'होता', 'मी' केले की मजकूर शुद्ध होतो. मात्र अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातून आलेल्या विद्यार्थिनीला ती दुरुस्ती शुद्धलेखनाची वाटते की तिच्या घराची, हे तिला कोणी विचारत नाही. उलट, काहीच दुरुस्त न करता सगळे जसेच्या तसे लावून टाकणारा प्राध्यापकही उदार ठरत नाही. त्याने बहुधा वाचलेलेच नसते. दुसऱ्या महिन्यात नवे भित्तिपत्रक लागते, जुने कागद टाचण्यांसकट उतरविले जातात, आणि त्यांतील कोणता कागद कोणी मागून नेला, याची नोंद विभागाच्या दप्तरात क्वचितच आढळते.